डरकाळीतून वाचलेली ठकू

मित्रांनो, बटणांवरची अक्षरं पुसून गेलेला, एका बाजूने चिकटपट्टी लावलेला मी एक जुना कंट्रोलर आहे. टीव्हीवर गेम खेळताना हातात धरतात ना, तोच.

कारखान्यात माझ्या पोटात दोन इवल्याशा मोटारी बसवल्या. पडद्यावर काही भयंकर घडलं की त्या फिरतात आणि धरणाऱ्याचे हात थरथरतात. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "हा मस्त थरथरवतो!" त्या शाबासकीने मी किती फुशारलो होतो!

ठकूच्या बाबांनी मला तिच्या वाढदिवसाला आणलं. बाबा लेथवर काम करायचे. यंत्रांच्या खडखडाटात दिवसभर ओरडून बोलावं लागे आणि घरी आल्यावरही तो आवाज खाली येत नसे. पण माझ्यावर दोघांचाही जीव होता. बाबा खेळत, ठकू मागे बसून बघे. मग ती खेळे.

गेममधला एक सरदार किल्ल्यात शिरून शेवटच्या दालनात पोचतो. तिथे ड्रॅगन असतो. त्याची आग परवडली, पण डरकाळी नको! ती कानावर पडली की सरदाराची तलवार गळून पडे, गुडघे टेकत. मग माझी सगळी बटणं बडवली तरी तो जागचा हलत नसे. मागोमाग आग येई आणि खेळ खलास.

बाबा तिथेच अडकले होते. एका सुट्टीच्या दुपारी सरदार पुन्हा जळाला. ठकू हळूच म्हणाली, "बाबा, ढाल जरा आधी..."

"गप्प बस! मला शिकवतेस?"

पुढच्या क्षणी मी भिंतीवर आदळलो. अंगाला चीर गेली. आईने मला मुकाट्याने उचलून कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं. तिथे जुन्या वायरींच्या गुंत्यात मी पडून राहिलो. बाहेरचं सगळं ऐकू येई. कधी किल्ली सापडत नाही म्हणून, कधी पाणी सांडलं म्हणून बाबा गरजत. नंतर घरात चिडीचूप.

शाळेला सुट्टी लागल्यावर ठकूने मला शोधून काढलं, चिकटपट्टी लावली आणि खेळायला बसली. एका संध्याकाळी बाबा कामावरून आले तेव्हा पडद्यावर ड्रॅगन गरजून थांबला होता आणि सरदार ताठ उभा होता!

"अगं, वाचलीस कशी?" बाबा चप्पल न काढताच पुढे आले. "मला कधी जमलं नाही!"

"सोपं आहे. डरकाळीआधी त्याची छाती फुगते. तेव्हाच खाली बसायचं आणि ढाल पोटाशी धरायची."

"एवढंसं तुला दिसलं कसं?"

"तुमचीपण फुगते ना, ओरडायच्या आधी."

स्वयंपाकघरात आईने नळ बंद केला. ठकू पडद्याकडेच बघत होती. ती काही टोचून बोलली नव्हती.

"आणि मी ओरडतो तेव्हा... तू काय करतेस?"

"दप्तर पोटाशी धरते."

बाबा तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी मला हातात घेतलं, पण मान वर होईना. मोटारी बंद होत्या, तरी त्यांचे हात थरथरत होते. मित्रांनो, तेव्हा मला माझ्या त्या शाबासकीची फार लाज वाटली. या घरात थरथरणाऱ्या हातांना काय तोटा होता?

"चुकलं गं माझं," बाबा म्हणाले. इतकं हळू बोलायची त्यांना सवयच नव्हती. ठकूला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणालात?"

"चुकलं माझं."

ठकूने मान डोलावली, पण ती त्यांच्याजवळ सरकली नाही. बाबांनीही तिला ओढलं नाही.

बाबा एका दिवसात बदलले, असं मी खोटं सांगणार नाही. अजूनही कधी आवाज चढतो. पण बोलणं मधेच तोडून ते गॅलरीत जातात आणि लाजलेल्या चेहऱ्याने परत येतात.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपून वापरा, आपटू नका. आणि राग आला की ओरडण्याआधी समोरच्याच्या हातांकडे बघा. त्यांनी काही घट्ट धरलं असेल, तर ते तुम्हीच धरायला लावलेलं असू शकतं.