सरांनी भरलेली पिशवी

डॉ. मल्लिनाथ हलगे वन्यप्राण्यांच्या जंतांवर चाळीस शोधनिबंधांचे धनी होते आणि वन्यप्राण्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते. नांदेडच्या एका कॉलेजात विभागप्रमुखाची खुर्ची आणि हाताखाली राबायला पीएच.डी.ची पोरं, एवढंच सरांचं जंगल.

सध्या राबायची पाळी तनुजाची होती. भोकरपासून हिमायतनगरपर्यंतचे माळ ती स्कूटीवर पालथे घालायची, काळविटांच्या ताज्या लेंड्या पिशव्यांत भरायची आणि प्रयोगशाळेत आणून त्यांत जंतांची अंडी शोधायची. पोरगी डॉक्टर होणार, एवढंच तिची आई शेजारणींना सांगे. कशाची, ते गिळून टाकी. चार वर्षांनी प्रबंध लिहून तयार झाला. राहिली होती ती फक्त सरांची सही.

नेमकी तेव्हाच सरांना माळावर जायची हुक्की आली. तनुजा परीक्षेच्या ड्युटीवर अडकलेली. सर पांढरे बूट घालून, एका वार्ताहराला गाडीत घेऊन भोकरकडे गेले आणि आयुष्यातली पहिली पिशवी स्वहस्ते भरून आले. तनुजाच्या काळविटांत जंत नावाला होते. सरांच्या पिशवीत अंड्यांचा नुसता बाजार भरला होता. झालं, पेपरात बातमी आली की मेंढरांना जंत होतात ते काळविटांमुळं, डॉ. हलगे यांचं मोलाचं संशोधन. लगेच दोन गावांनी वनखात्याकडे अर्ज दिले, ही काळविटं आमच्या माळावरून हाकला म्हणून.

तनुजाला राहवेना. वार्ताहराला विचारून ती जागा बघायला गेली. नांगरून पडलेलं रान होतं. मेंढरांभोवती जाळी लावतात तिच्या खुंट्यांची भोकं अजून जमिनीत होती आणि बांधावरच्या बाभळीला लोकर लटकत होती. कुणीतरी खतासाठी रानात मेंढरं बसवली होती, उन्हाळ्यात इकडं सगळेच बसवतात. काळविटाच्या लेंड्या म्हणून सरांनी दुसऱ्याच्या शेतातलं खत उचलून आणलं होतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, पण खुर्चीत बसून बसून लेंडीसुद्धा विसरला.

तिनं केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. सर चिडले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"तनुजा, माझ्या हातानं भरलेली पिशवी हाय ती. चुकंल कशी?"

मग त्यांनी गोडीत सौदा मांडला. लातूरच्या परिषदेत या पिशवीवरचा निबंध तिनंच वाचायचा, तिथंच ते प्रबंधावर सही करतील. वाचायचा नसेल तर तिनं दुसरा गाईड बघावा. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि घरी काय सांगायचं ते तिचं तिनं बघावं.

परिषदेला पशुवैद्य होते, वनखात्याचे साहेब होते, आणि व्यासपीठावर शाल पांघरून सर होते. तनुजा बोलायला उभी राहिली. तिनं निबंध बाजूला ठेवला.

"सरांनी आणलेल्या लेंड्या काळविटाच्या न्हाईत," ती म्हणाली. "खतासाठी बसवलेल्या मेंढरांच्या हायत. काळविटांचा ह्यात काही दोष न्हाई."

हॉल खदखदून हसला. समोर निम्मी माणसं शेतकऱ्यांच्या घरची, त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती. वनखात्याच्या साहेबांनी ते लिहून घेतलं. तनुजाला वाटलं, सही गेली, पण जीव हलका झाला.

इतक्यात सर उठले. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसत होते. अध्यक्षांपुढचा माईक त्यांनी ओढून घेतला.

"मुद्दाम दिली होती मी तिला मेंढराची पिशवी," ते म्हणाले. "गाईडच्या तोंडावर खरं बोलायची हिंमत हाय का, हे बघायचं होतं मला. ही शेवटची परीक्षा होती. पोरगी पास झाली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. असा गुरू मिळायला भाग्य लागतं, असं अध्यक्ष म्हणाले. पेपरातल्या बातमीचं काय, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. सरांनी खिशातलं पेन काढलं, तनुजाकडं प्रबंध मागितला आणि फोटोवाल्याला जवळ बोलावलं.

तिच्यापुढचा माईक अजून चालू होता. हे खोटं आहे, एवढंच म्हणायचं होतं. तिला सरांची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

मग तिनं प्रबंध पुढं केला आणि वाकून सरांच्या पाया पडली.