काटेबाईंचे पाय

“किती किलो निघेल तेवढं आधी सांगा,” पर्समधून घडी घातलेला कागद काढत काटेबाई म्हणाल्या. “बाकीचं नंतर बोलू.”

समोरची डॉक्टर वयाने त्यांच्या लेकीएवढी. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. “खरं सांगू? चरबी काढली तरी वजनात फारसा फरक पडणार नाही. वजन कमी करायचं हे ऑपरेशनच नाही.”

काटेबाईंचा चेहरा उतरला. शेजारी बसलेल्या नवऱ्याने मात्र ‘मी म्हणत नव्हतो?’ अशा थाटात मान हलवली.

फरक नाही, हे उत्तर काटेबाईंना पचण्यासारखं नव्हतं. शहराबाहेरच्या वजनकाट्यावर त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. ट्रक रिकामा आला की वजन, भरून आला की पुन्हा वजन, आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल. पावती खिडकीतून द्यायची की पुढची गाडी. त्यांचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. ड्रायव्हरांपासून नवऱ्यापर्यंत सगळे त्यांना काटेबाईच म्हणत. कोणी दमदाटी करो की गोड बोलो, त्यांनी आकडा कधी इकडचा तिकडे केला नाही.

प्रश्न पायांचा होता. “कमरेच्या वर एक बाई आणि खाली दुसरीच,” असं त्या स्वतःच म्हणायच्या. लोक हसणारच आहेत, तर आपण आधी हसून घ्यावं हा त्यांचा खाक्या. चेहरा, खांदे, हात बेताचे. पण मांड्यांपासून घोट्यांपर्यंत पाय लोडासारखे. स्टुलाचा कोपरा लागला तरी काळंनिळं व्हायचं. काट्याच्या केबिनला अकरा पायऱ्या. हल्ली दर तिसऱ्या पायरीवर थांबून त्या आभाळाकडे बघत उभ्या राहत, जणू हवापाण्याचा अंदाज घ्यायलाच थांबल्यात. मालकांना ते कळलं. “बाई, खूप केलंत. आता घरी आराम करा,” ते म्हणाले. बोलण्यात माया होती, म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं. आराम त्यांना नको होता. त्यांना ती खिडकी हवी होती.

मग त्या पेपरात ‘चरबी काढून देतो’ अशी जाहिरात करणाऱ्या एका चकचकीत दवाखान्यात जाऊन आल्या. तिथल्या टायवाल्याने पायांकडे धड बघितलंही नाही. किती किलो, असं विचारल्यावर “तुम्ही म्हणाल तेवढे” म्हणाला. गाडी काट्यावर चढण्याआधीच आकडा सांगणारी माणसं बाईंनी आयुष्यभर बघितली होती. त्या तशाच उठून आल्या आणि थेट या मोठ्या इस्पितळात नंबर लावला.

इथल्या डॉक्टरने आधी दोन्ही पाय तपासले. अंगठ्याने हळूच दाबून “दुखतं?” असं विचारलं. पावलं बघितली. घोट्यापर्यंत सूज आणि पावलं मात्र नाजूक, हे कधीपासून, तेही विचारलं.

“याला लिपेडिमा म्हणतात,” ती आता म्हणाली. “ही चरबी खाण्याने आलेली नाही. हा आजार आहे.”

“तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती,” नवरा पुटपुटला.

“काका, यांना महिनाभर उपाशी ठेवलंत तर गाल बसतील, हात वाळतील. पाय आहेत तसेच राहतील.”

काटेबाईंनी कागद उलगडला. वीस प्रश्न होते, आणि त्यांनी एकही सोडला नाही. डॉक्टरनेही आडपडदा ठेवला नाही. एकदाच करून भागणार नाही, निदान तीनदा टेबलावर जावं लागेल. नंतर कित्येक आठवडे रात्रंदिवस घट्ट पट्ट्यांचे मोजे. सूज, बधिरपणा, कातडी वरखाली दिसणं. कधी जंतुसंसर्ग, कधी रक्ताची गुठळी, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावरही बेतू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, लपवायचं नाही. आणि एवढं करूनही आजार मुळापासून जाईल अशी हमी नाही.

“मग मिळणार काय?” नवऱ्याने विचारलं.

“दुखणं बरंच कमी व्हावं. चालणं, चढणं सोपं व्हावं.”

“ऐकलंस ना? जिवावर बेतू शकतं म्हणतायत त्या. या वयात हे कशाला? लोक काय म्हणतील?”

“अहो, लोक येतात का माझ्या पायऱ्या चढायला?” काटेबाई म्हणाल्या. “भीती मलाही वाटते. पण पाय माझे आहेत. डॉक्टर, तारीख द्या.”

डॉक्टरने फॉर्म पुढे ओढला. “घरात आणखी कुणाचे पाय असे होते? आई, मावशी?”

“आईचे.” बाईंचा आवाज एकाएकी खाली आला. “अगदी असेच, ती जाईपर्यंत.”

“हे बऱ्याचदा आईकडून येतं.”

“म्हणजे तिलाही हाच आजार होता?”

“आता तपासता येणार नाही. पण तुम्ही सांगताय त्यावरून, असणार.”

काटेबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “दर रविवारी मी तिला काट्यावर उभी करायचे. घरी लहान काटा आणला होता, तिच्यासाठीच. चढायच्या आधी ती चष्मा काढून ठेवायची. तेवढंच वजन कमी भरेल म्हणून. मग तिला आकडा दिसायचा नाही. ‘किती गं?’ असं मलाच विचारायची. मी आकडा सांगायचे आणि वर चार शब्द सुनवायचे. ‘मी खरंच खात नाही गं,’ म्हणायची. मी म्हणायचे, काटा खोटं बोलत नाही.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, बाई.”

“माहीत नव्हतं. पण विश्वास तरी ठेवायला हवा होता. आई होती माझी.”

नवऱ्याने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. डोळे पदराने कोरडे केले आणि हात पुढे केला.

“फॉर्म इकडे द्या. ते मी लिहिते.”

‘कुटुंबातील आजार’ या ओळीपुढे त्यांनी पावतीवर लिहायच्या तशा ठसठशीत अक्षरात ‘आई’ लिहिलं. आजाराचं नाव डॉक्टरला पुन्हा विचारून, एकेक अक्षर जुळवत लिहिलं. ओळ तिथेच संपली. मग कागद आडवा करून समासात त्यांनी आणखी तीन शब्द लिहिले : ‘ती जेवायची कमी.’ खाली सही केली, तारीख घातली आणि फॉर्म परत दिला.

डॉक्टरने समासातलं वाचलं आणि ते तसंच राहू दिलं.