चौथा नंबर

कॉलेज फुटबॉलमध्ये कुठली टीम कितवी येणार, हे लॉयल टिडवेल ऑगस्टमध्येच सांगायचा. मागच्या हंगामांतले विजय आणि नव्या भरतीतल्या पोरांना खेळ पाहून मिळालेले एक ते पाच तारे, एवढ्यावर त्याचं गणित चाले आणि ते सहसा चुकत नसे.

यंदा ऑर्विलच्या सलूनमध्ये त्याने गावच्या कॉलेजला चौथा नंबर दिला, तेव्हा सगळे खो खो हसले.

"चौथा? लेका, सकाळीच लावलीस की काय!" ऑर्विल म्हणाला. "सातव्याच्या वर आली तर मिशी उतरवीन!"

"गणित तसंच येतंय."

"कसलं डोंबलाचं गणित! पाच ताऱ्यांचा पोरगा आहे कुठे आपल्याकडे?"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पाच ताऱ्यांचा पोरगा होता. केड, लॉयलचा मुलगा. जुलैत कॉलेजच्या पहिल्याच सरावात उन्हाने कोसळला, तो उठलाच नाही.

"त्याचे तारे काढ रे आता," ऑर्विल हळूच म्हणाला.

"काढले होते. टीम सातवी आली." लॉयलने टोपी डोळ्यांवर ओढली. "मग परत घातले. पहिली मॅच होईपर्यंत तरी राहू दे पोराला टीममध्ये."