हेंद्रेपाड्याच्या मौन बैठकीतला बाक

मी एक बाक बोलतोय. ज्या खोलीत मी राहतो तिथे उगाच बोलायची पद्धत नाही, आणि मलाही ते पसंत होतं. पण त्या रविवारी जे झालं त्याचा हादरा अजून माझ्या पायांतून गेलेला नाही, म्हणून आज तोंड उघडतोय.

माझा जन्म उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला. पाडलेल्या एका इमारतीच्या दारांच्या चौकटी कमलेशशेठच्या दुकानामागे येऊन पडल्या होत्या. त्या सागवानातून त्याच्या सुतारांनी मला घडवलं. मला न्यायला आल्या कुमुदिनीताई, बदलापुरात हेंद्रेपाड्याला राहणाऱ्या निवृत्त नर्स. कमलेशशेठने सवयीने विचारलं, की पाठीवर नाव कुणाचं रंगवू. आपल्याकडे बाकाच्या पाठीवर एक तर कुणीतरी स्वर्गवासी झालेलं असतं, नाहीतर निवडणुकीला उभं राहिलेलं असतं. ताई म्हणाल्या, नाव नको.

"साईं, बिना नाम का बेंच कोण बनवतो?" कमलेशशेठ त्याच्या सिंधी वळणात म्हणाला. "मंदिरात ठेवणार ना?"

"घरात ठेवणार. कुणीही येऊन बसेल त्याच्यावर."

त्याला काही ते पटलं नाही. पण त्याने टेम्पो मात्र लगेच बोलावून दिला.

ताईंच्या हॉलमध्ये मूर्ती नव्हती, क्रूस नव्हता, पेटी-तबलाही नव्हता. पहिल्या रविवारी मी वाट बघत राहिलो, की आता भटजी येतील, पाद्री येईल, निदान कुणीतरी माईक तरी लावेल. तसलं काहीच झालं नाही. पाच-सहा माणसं आली, चपला काढून बसली, डोळे मिटले आणि तासभर गप्प. मला वाटलं, भांडण झालंय.

हळूहळू उलगडा झाला. तरुणपणी ताई मध्य प्रदेशात क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकल्या होत्या. प्रत्येक माणसाच्या आत देवाचा उजेड असतो, मध्ये पुजारी लागत नाही, गप्प बसून त्याची वाट बघायची, हे त्या तिथून घेऊन आल्या. धर्म बदला असं त्या कुणालाच सांगत नसत. अंजनाताई संकष्टीचा उपास धरून येत, आणि मौनात त्यांचं पोट गुरगुरलं की सगळे ऐकलं नसल्यासारखं करत. कुणाला आतून खरंच बोलावंसं वाटलं तर त्याने उठून चार वाक्यं बोलायची. त्यावर बाकीच्यांनी वाद घालायचा नाही, शाबासकीही द्यायची नाही. आणि शब्दांशी झगडत बसलेल्या माणसाला मध्येच हलवायचं तर अजिबात नाही. जुन्या काळी या पंथाची माणसं बोलायच्या आधी थरथरत, म्हणून लोकांनी चेष्टेने त्यांना क्वेकर, म्हणजे थरथरणारे, हे नाव दिलं, असंही ताई एकदा म्हणाल्या होत्या. ते सगळ्यांनी मनात जपून ठेवलं. फारच जपून ठेवलं.

माझ्या डाव्या टोकाला बसत ते दिनानाथ. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, बदलापुरातच मांजर्लीला मुलगा समीर आणि सून चैत्राली यांच्याबरोबर राहणारे. माणूस लाख, पण बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. सुरुवातीला दर रविवारी त्यांना आतून बोलावंसं वाटे. देवापासून निघून ते सोसायटीच्या टाकीपर्यंत जात, आणि पुराचं पाणी पार्किंगमध्ये कसं शिरलं ते सांगूनच खाली बसत. शेवटी ताईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की उठण्याआधी स्वतःला विचारा, हे आतून आलंय की नुसतं जिभेवर आलंय.

दिनानाथांनी ते मनावर घेतलं. शब्द ओठांशी आला की ते माझी कड घट्ट धरत आणि गिळून टाकत. मला त्यांची बोटं कळायची. सासऱ्यांना सोडायला म्हणून येणारी चैत्रालीही मग त्यांच्या उजवीकडे बसू लागली. घरी एकमेकांशी कामापुरतं बोलणारी ती दोघं माझ्यावर तासभर खांद्याला खांदा लावून बसत. मला त्याचं फार बरं वाटायचं.

आणि मग तो रविवार आला.

बैठक सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. दिनानाथांचा डावा हात माझ्या कडेवर आला. नेहमीसारखाच, असं मला वाटलं. पण बोटं सैल होईनात. नखं पॉलिशमध्ये रुतली आणि हात थरथरू लागला. त्यांचं उजवं अंग एकाएकी जड झालं, भिजलेल्या गादीसारखं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, अर्धवट उठले आणि खाली बसले. घशातून आवाज आला, "अं... अं..."

खोलीत सगळ्यांनी तो ऐकला. कुणी डोळे उघडले नाहीत. दिनानाथांना आज काही गहन सुचतंय, आणि किती निग्रहाने ते शब्द आवरतायत, असंच त्यांना वाटलं असणार. ताईंच्या तर चेहऱ्यावर समाधान होतं. आयुष्यभर वॉर्डात घालवलेली ती बाई, वाकडं झालेलं तोंड दारातून ओळखणारी. समोर बसली होती आणि डोळे मिटून होती.

एकटीने डोळे उघडले. चैत्रालीने. तिने थरथरणारा हात पाहिला, सासऱ्यांच्या अर्धवट उघड्या डोळ्यांत पाणी पाहिलं. क्षणभर ती बघत राहिली. मग तिने अदबीने डोळे मिटले आणि त्यांना जागा व्हावी म्हणून थोडी बाजूला सरकली.

मी लाकूड. माझा एखादा पाय तरी त्या क्षणी मोडायला हवा होता. मोडला नाही. कमलेशशेठच्या सुतारांनी काम चोख केलं होतं.

बैठक पूर्ण वेळ चालली. संपताना शेजाऱ्याचा हात हातात घ्यायची रीत आहे. चैत्रालीने हात पुढे केला आणि दिनानाथांचा उजवा हात तिच्या हातातून ओल्या फडक्यासारखा निसटला. मग एकच धावपळ उडाली. ताईंचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला.

पुढचं मला कानावर आलं तेवढं सांगतो. पक्षाघात. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही. हे कधी सुरू झालं, असं दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, कारण लवकर आणलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. चैत्रालीने सांगितलं, की शेवटी लक्षात आलं. आपण डोळे उघडले होते हे तिने कुणालाच सांगितलं नाही. ते मला ठाऊक होतं आणि तिला.

दुसऱ्या दिवशी समीर दिनानाथांचा चष्मा न्यायला आला. माझ्याकडे बघत तो ताईंना म्हणाला, "एवढी माणसं बाजूला बसली होती, आणि एकालाही कळलं नाही? काय बघत होता तुम्ही लोक?"

ताईंनी चष्मा पुसून त्याच्या हातात ठेवला. त्यांनी बैठक बंद केली. मला गॅलरीत टाकलं. माझ्यावर कांदे पसरले, ओल्या चादरी वाळल्या. कधीतरी ताई येऊन माझ्यासमोर उभ्या राहत, पण बसत नसत. ज्या बाईने आयुष्यभर शांत बसायला शिकवलं ती आता दिवसभर टीव्ही चालू ठेवून घरात फिरत असे.

काही महिन्यांनी बेल वाजली. काठी टेकत दिनानाथ आले होते, बरोबर चैत्राली. ती वाळली होती. स्पीच थेरपी चालू आहे, चार-दोन शब्द येतात, असं तिने सांगितलं. रविवार आला की बाबा दाराकडे बोट दाखवून रडतात, समीरचा विरोध आहे, पण तिला त्यांचं रडणं बघवेना. ताईंनी मुकाट्याने कांदे उचलले आणि मला आत ओढलं. अंजनाताईंना फोन गेला.

चौघं बसली. या वेळी कुणीच डोळे मिटले नाहीत. सगळ्यांच्या नजरा दिनानाथांवर, जणू ते आत्ता कोसळणार आहेत. मौन कसलं, पहाराच तो.

थोड्या वेळाने त्यांचा डावा हात माझ्या कडेवर आला. बोटं आवळली. हात थरथरला. घशातून तोच आवाज आला.

चैत्राली ताडकन उठली. ताईंनी नाडी धरली, अंजनाताई फोनवर अँब्युलन्स शोधू लागल्या. दिनानाथांनी ताईंचा हात झटकला, काठी आपटली आणि मला धरून उठले. तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं, की या माणसाला काही झालेलं नाही, याला बोलायचंय.

एकेक शब्द ओढून काढावा तसं ते म्हणाले, "त्या दिवशी... मी... हाक... मारली."

कुणाच्याही बोलण्यावर बोलायचं नाही ही इथली रीत. चैत्रालीने ती मोडली.

"मला ऐकू आली होती, बाबा," ती म्हणाली. "मी डोळे उघडले होते. तुम्हाला बघितलं. मला वाटलं, तुम्ही देवाला हाक मारताय."

ताईंच्या हातातून फोनच पडला असता, पण तो अंजनाताईंकडे होता. त्यांनी तो उराशी धरला. इतके महिने ही पोर हे घेऊन त्याच घरात सासऱ्यांना भरवत होती.

दिनानाथांनी तिच्याकडे बघितलं. राग होता का, मला सांगता येणार नाही. त्यांचे ओठ हलले, चुकले, पुन्हा हलले.

"दो... दोघांना," ते म्हणाले आणि खाली बसले.

चैत्राली त्यांच्या गुडघ्यापाशी जमिनीवर बसून रडली. माझ्यावर जागा होती, तरी जमिनीवर.

आता दर रविवारी पुन्हा माणसं येतात. समीर एकदा दारापर्यंत येऊन गेला. माझ्या कडेवर नखांच्या खुणा आहेत. ताईंना पॉलिश करायचं होतं, दिनानाथांनी मान हलवून नको म्हटलं. मी अजून शांत नाही, होईनसं वाटत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यावर या, बसा, डोळे मिटा, देवाची वाट बघा. पण शेजारचा हलला तर आधी त्याला विचारा, की काय होतंय. देव तेवढा वेळ थांबेल.