केवड्याखालची जागा

“अण्णा, खरें सांगा. येथें काय पुरून ठेविलें?”

एकोजी बांधावर उभा होता आणि त्याचा थोरला भाऊ व्यंकोबा चिखलात बसून केवड्याचे फुटवे रोवत होता. हा प्रश्न काही पहिल्यांदा आला नव्हता, म्हणून त्याने वर पाहिलेसुद्धा नाही.

“पाणकोंबड्यांना मणून लावतों. सगळ्यांनी बांध तासले. त्यांनी अंडीं कोठें घालावीं?”

“कोंबड्यांना!” एकोजी हसला, पण डोळे जमिनीवरून हलले नाहीत.

त्याचे तरी काय चुकले? सरकारने सारा वाढवला, तशी कुंभकोणम्‌च्या आसपास लोकांनी बांध तासून तासून वीतभर केले आणि तिथेही भात लावला. आणि हा शहाणा भाताची चांगली पट्टी सोडून केवडा लावतो! काटेरी, सापाचे घर समजला जाणारा, महादेवाला न चालणारा केवडा. त्यातून यांचे वडील तंजावरच्या राजवाड्यात दागदागिन्यांच्या जामदारखान्यावर पहारेकरी. राज्य खालसा होऊन कंपनीने कुलपे ठोकली, त्यानंतर लगेच म्हातारा बैलगाडीने गावी आला. गाडीत नुसते अंथरूण होते, असे व्यंकोबा सांगे. गावाला ते कधीच पटले नाही.

केवडा दाट झाला तशा पाणकोंबड्या आल्या. सकाळी त्यांचा कलकलाट सुरू झाला की व्यंकोबा तोंड धुता धुता थांबून ऐकत राही. त्याची बायको अंबाबाई त्याची थट्टा करी, पण बाहेरच्या कुणी काही म्हटले की तिच्या तोंडाला लागायची सोय नसे.

“आमच्या घरीं पुरायला आहे तरी काय?” असे ती सगळ्यांना ठणकावून विचारी.

एकदा व्यंकोबा बाजाराहून परतला तो बांध उकरलेला. एकोजीने केवडा मुळासकट उपटून कमरेएवढा खड्डा खणला होता. खड्ड्यात पाणी झिरपले होते. कडेला ठिपक्याठिपक्यांची अंडी फुटून पडली होती आणि एक पाणकोंबडी वेड्यासारखी शेतातून धावत होती.

“काहीं नाहीं,” एकोजी घाम पुसत म्हणाला. मग भावाकडे रोखून बघत त्याने विचारले, “कधीं हलविलें, अण्णा?”

अंबाबाई घरातून धावत आली आणि तिने दिराला असे काही फैलावर घेतले की तो कुदळ तिथेच टाकून निघून गेला. व्यंकोबाला फार बरे वाटले. निदान घरातले माणूस तरी आपले आहे.

जगतील ते फुटवे वेचायला तो वाकला. मागे पाणी चुबकल्याचा आवाज आला म्हणून त्याने वळून पाहिले.

लुगडे खोचून अंबाबाई खड्ड्यात उतरली होती. कोपरापर्यंत हात घालून ती तळ चाचपत होती.

एकोजीच्या कुदळीने लागले नव्हते एवढे ते व्यंकोबाला लागले. त्याने तिच्याकडे पाठ केली आणि तिचे बघून होईपर्यंत एकेक फुटवा सावकाश वेचत राहिला.