ज्या बाजूनं उघडेल

कलावतीबाईंनी दोन्ही हातांनी मूठ धरून पुन्हा ओढलं, तरी ड्रॉवर तसूभरही पुढे आला नाही.

“संचिता, हे अडकलंय गं.”

“नवीन आहे आई, चॅनेल जडच असतात सुरुवातीला,” तव्यावरची नजर न काढता संचिता म्हणाली. “पलीकडून बघा की. तिकडून येत असेल.”

सासूबाई हॉलमधून वळसा घालून पलीकडे जायला निघाल्या. गुडघे ठणकत होते, तरी हूं की चूं केलं नाही. संचिताला त्याचाही राग आला.

कळव्याच्या या घरात मे महिन्यापासून दोन चुली झाल्या होत्या. संचिता आणि तिची धाकटी जाऊ दीप्ती यांचं भांडण तेलाच्या पिशवीवरून सुरू झालं आणि एकमेकींच्या माहेरापर्यंत जाऊन पोचलं. शेवटी दोघींच्या नवऱ्यांनी लांबुळक्या स्वयंपाकघराच्या मधोमध छतापर्यंत कपाट उभं केलं. अर्धे खण इकडे उघडणारे, अर्धे तिकडे. भिंत म्हणायची लाज वाटत होती म्हणून कपाट म्हणायचं, एवढंच. दोघींनी आपापल्या खणांना कुलुपं मागितली, कारपेंटर जगननं तीही बसवली.

कलावतीबाईंचं मागणं एकच होतं. मधला एक ड्रॉवर आरपार हवा, दोन्हीकडून ओढता येईल असा. त्याला चारी बाजूंनी स्टीलचा कठडा, म्हणजे इकडून तिकडे सरकताना त्यांचं ताट आणि मालवणी मसाल्याची बरणी कलंडणार नाही.

“माझी वाटणी करू नका,” त्या म्हणाल्या होत्या. “ताट यात राहील. ज्या बाजूनं उघडेल, तिथं जेवेन.”

ऐकूनच संचिताचा जीव आंबला होता. म्हातारी सवयीनं आधी इकडेच ओढणार, हे तिला दिसत होतं. लग्न झाल्यापासून तीच वाढत आली होती आणि बोलणीही तीच खात आली होती. भात मोकळा नाही, आमटी पांचट, भाकरी वातड. आता धाकटीनं खावीत. घरात कुणी नसताना तिनं जगनला गाठलं. ड्रॉवर आमच्या बाजूला येणारच नाही असा खटका बसव, म्हणाली, खालच्या खणात, हात घातल्याशिवाय सापडणार नाही असा. जगन नुसता हसला होता.

आता पलीकडून ओढल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. आतलं ताट कठड्याला लागून वाजलं. ड्रॉवर काही गेला नाही.

संचिताचा उलथणं धरलेला हात थांबला. तिच्या खटक्यानं ड्रॉवर फक्त इकडे येत नव्हता. तिकडे जायला कसलीच आडकाठी नव्हती. म्हणजे तिकडेही कुणीतरी खटका बसवून घेतला होता. जगनचं हसणं तिला आत्ता कळलं.

“ताई,” कपाटापलीकडून दीप्तीचा आवाज आला. कित्येक दिवसांत ती संचिताशी पहिल्यांदा बोलत होती. “तुमच्याकडून काही अडकवलंय का?”

“मी कशाला अडकवू? तुझ्याकडचं बघ.”

“माझ्याकडे काय बघायचं? सगळं काम तुम्हीच तर समोर उभं राहून करून घेतलंत.”

“आणि तू रजा टाकून घरी थांबलेलीस, ती कशाला गं?”

पलीकडे परात जोरात सरकली. नेम बरोबर बसला होता. क्षणभर संचिताला फार बरं वाटलं.

“भांडू नका गं,” कलावतीबाई म्हणाल्या. “दोन्हीकडून बंद असेल तर राहिलं. मला आज तशी भूकही नाही.”

सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, हे संचिताला ठाऊक होतं. तिनं गॅस बंद केला, खाली बसली, खालच्या खणात हात घालून वर चाचपलं. खटका बोटाला लागला. नुसता दाबायचा होता. पण नेहमी आपणच का? तिला काय हात नाहीत? बोट तिथंच थांबलं.

पलीकडे खट्ट झालं.

ड्रॉवर सरसरत तिकडे गेला. ताट हललंसुद्धा नाही. रिकाम्या झालेल्या जागेतून पलीकडचा ओटा दिसला, पिठाची परात दिसली, ताट उचलणारा दीप्तीचा पिठानं भरलेला हात दिसला. मग दीप्तीनंच वाकून आरपार पाहिलं. संचिताचा हात अजून खांद्यापर्यंत कपाटात होता. दीप्ती तो बघत राहिली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

हवं होतं तेच तर झालं होतं. आई तिकडे जेवत होत्या.

“भाकरी मऊ झालीय गं,” त्यांचा आवाज आला.

संचिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

थोड्या वेळानं धुतलेलं ताट आत ठेवल्याचा आवाज झाला. ड्रॉवर हळूच परत आला, जागेवर बसला, आणि पलीकडचं सगळं दिसेनासं झालं.

“संचिता,” कलावतीबाई म्हणाल्या, “उद्या तुझ्या बाजूनं ओढून बघते हं.”

ती फरशीवरच बसून होती. बोट अजून खटक्यावरच होतं.