नाव कोणाचं, आवाज कोणाचा

"आवाज आला की बटण दाब. नाही आला तर दाबू नकोस. आणि वाद घालू नकोस," काचेपलीकडून चिमणी म्हणाली.

"वाद मी घालतो?" बंद खोलीत हेडफोन लावून बसलेला दादा फणकारला.

नऊ वर्षांनी तो बहिणीशी बोलत होता, तेही वहिनीने कान तपासायला चिमणीच्याच दवाखान्यात ओढून आणलं म्हणून. तरुणपणी दोघांचा ब्लॅक मेटलचा, म्हणजे कर्णकर्कश रॉक संगीताचा, बँड होता. दादा गिटार पिसाळून वाजवायचा आणि घरातली ही चिमणी माइकवर अशी किंचाळायची, की शेजारी खिडक्या लावून घेत. पुढे जुन्या मित्रांसाठी पुन्हा एक कार्यक्रम केला, आणि हे संगीत सुरू कोणी केलं यावरून स्टेजवरच, माइक चालू असताना, दोघांची जुंपली. दादा म्हणाला, इंग्लंडच्या एका बँडमधल्या तिघांनी. चिमणी म्हणाली, त्यांनी या संगीताला नुसतं नाव दिलं. आवाज दिला तो स्वीडनमध्ये गॅरेजात रेकॉर्डिंग करणाऱ्या बँडने. दादाने गिटारची वायर उपटली आणि बोलणंच टाकलं.

आता ती एकेक बारीक सूर सोडत होती. दादाचं बोट हलेना. तिने आवाज वाढवला, आणखी वाढवला. आलेखावरची रेघ घसरगुंडीसारखी खाली गेली. झांजा, तारांची खरखर, तिची किंकाळी... ज्यावरून भांडले, नेमकं तेच दादाला ऐकू येईनासं झालं होतं.

"कधीपासून रे?"

"बरीच वर्षं. तू स्वीडन-स्वीडन करायचीस, तेव्हाही मला नुसती घरघर ऐकू यायची. कबूल कोण करणार?"

तिने त्याला खोलीबाहेर बोलावलं. त्याच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं बसवली, आणि मोबाइलवर त्यांचंच जुनं रेकॉर्डिंग लावलं.

दादा दचकला. मग हसतच सुटला. "अगं, ही तू? मला वाटलं मशीन बिघडलं!"

"मग? आहे ना स्वीडन?"

"आहे बाई, आहे. पण मागची गिटार ऐक. इंग्लंड!"

"पण हे सगळं नॉर्वेत सुरू झालं ना?" वहिनीने मध्येच विचारलं.

"ते नंतर!" दोघं एकदम ओरडले, आणि एकमेकांकडे बघून खो-खो हसले.

वहिनी तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत भरू लागली. दादा थबकला.

"हे काय वाजलं?"

"पिशवी."

"पुन्हा वाजव."

वहिनीने पिशवी हळूच चुरगाळली. मग त्याच्या कानाशी नेऊन आणखी एकदा.